पडदा कधी पाडायचा

दोरीमामांचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन बोटं लांब आहे. शिंपी त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही न विचारता वाढवून शिवतो. एकोणचाळीस वर्षं आमच्या नाट्यगृहाचा दर्शनी पडदा त्यांनी त्या हाताने ओढला. ‘दोरीमामा’ हे नाव आम्ही नटमंडळींनीच ठेवलं आणि पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. घरातल्या खिडकीला धड पडदा नाही आणि हे चालले जगाचे पडदे पाडायला, असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या.

डाव्या विंगेत कप्पीखाली एक उंच स्टूल, ती त्यांची जागा. तिथून त्यांनी शेकडो नाटकं पाहिली, पण सगळी कडेने. कुठल्या नटाला कुठे दम लागतो आणि कोण कुठे वाक्य विसरतो, हे त्यांना दिग्दर्शकाच्या आधी कळायचं.

दोन वर्षांपूर्वी बटणावर चालणारा पडदा आला. मामांना एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. ते बोलेनासे झाले. जेवायला हाक मारली तर येत, नाहीतर बसल्या जागी बसून राहत. मामींनी मला फोन करून सांगितलं, भावजी, यांना कुठेतरी घेऊन जा, घरात माणूस आहे की कपाट, तेच कळत नाही.

नेमकं तेव्हाच मला लोककलांच्या मेळ्याचं बोलावणं आलं होतं. राजाची माझी जुनी भूमिका होती, तिचा शेवटचा प्रवेश करून दाखवायचा होता. मी उत्साहाच्या भरात मामांना म्हणालो, चला, पडदा तुमच्याकडे. निघायच्या दिवशी ते नव्या दोराचं वेटोळं आणि कप्पीसाठी तेलाची बाटली घेऊन दारात उभे होते. मी दोर आणि बाटली गाडीत ठेवली. मेळ्याचा रंगमंच म्हणजे उघड्या माळावर मांडलेल्या फळ्या. पडदा नव्हताच.

वाट पाच तासांची. मी तिला दीड दिवस लावला. गाडी जुनी आणि चालवणाराही जुना, असं म्हणत दिसेल त्या झाडाखाली थांबलो. मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या, तर शेवटचं कोकरू जाईपर्यंत थांबलो. सूर्यफुलांच्या शेतांतून मुद्दाम लांबचा फाटा धरला. मामा खुलत चालले होते. रंगमंच किती रुंद, कप्प्या किती, पडदा मखमली की साधा, असं विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. रंगमंचावर आयुष्यभर खोटं बोललो, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या काठावर मी सगळं सांगून टाकलं.

मामांनी वाकून पाण्यात हात धुतले. बराच वेळ धुतले. मग म्हणाले, “मला बसथांब्यावर सोडा. दया म्हणून न्यायला मी सामान नाही.”

मी त्यांना थांब्यावर सोडलं, आणि त्यांच्याशेजारी बाकावर बसलो. बसला तासभर अवकाश होता. दोर त्यांच्या मांडीवर होता. तो चाचपत त्यांनीच विचारलं, “मग शेवट कसा करणार?”

त्यात काय करायचं, मी म्हणालो. “निघतो मी” हे शेवटचं वाक्य बोलायचं आणि निघायचं.

दोन वर्षांत पहिल्यांदा मामा हसले. “राजे, तुम्ही कधी निघालात? ‘निघतो मी’ म्हटलं की पुढची दोन वाक्यं पदरची घालायला तुमचं तोंड उघडलेलंच. मी पडदा टाकायचो म्हणून ती आत राहिली.”

माझ्या त्या शेवटाचं वर्तमानपत्रांनी किती कौतुक केलं होतं. केवढा संयम, असं लिहिलं होतं. त्यांना खोटं ठरवायला मी तिथेच रस्त्याच्या कडेला प्रवेश म्हणून दाखवला. “निघतो मी” म्हणालो आणि खरंच, जीभ पुढे सरसावली. पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बस आली. कंडक्टर दार धरून आमच्याकडे बघत राहिला. मामांनी बसला हाताने ‘जा’ म्हणून सांगितलं. मला म्हणाले, “चला. हे असलं लोकांसमोर जायला नको.”

मेळ्यात दुपारी ते पहिल्या रांगेत, सतरंजीच्या मधोमध बसले. मी “निघतो मी” म्हणालो. दोन वाक्यं ओठांवर आली, आणि माझी नजर मामांकडे गेली. ते खाली बघून, सावकाश, एका पायात चप्पल सरकवत होते. नाटक संपलेला माणूस घालतो तशी. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो. मागे टाळ्या झाल्या. त्या कुणाच्या होत्या ते मला ठाऊक आहे.

ती गोष्ट मी संध्याकाळी चहाच्या टपरीवर सांगितली आणि माझा माणूस माझ्या हातून गेला. उघड्यावर खेळ करणाऱ्या सगळ्यांचं दुखणं तेच होतं. पोवाडेवाली बाई आली, सोंगं आणणारे आले, थांबायचं कुठे ते कळत नाही म्हणाले. मामांनी आढेवेढे घेतले, मग प्रत्येकाला आधी एकदा खेळ करून दाखवायला लावला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीची किल्ली घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी वर न बघता मला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. कठपुतळीवाल्याचा खेळ रंगात आला होता आणि मी मध्ये येत होतो.