टेबलापुढची खुर्ची

पोलिसात भरती व्हायचं असेल तर आप्पांकडं जा, असं बेळगावच्या वडगावात कुणीही सांगायचं. आप्पा म्हणजे निवृत्त हवालदार. सगळी नोकरी बेळगाव आणि निपाणीच्या ठाण्यांत गेलेली. सांबऱ्याच्या वाटेवर एका माळावर ते सकाळी आम्हा पोरापोरींना पळवायचे, उड्या मारायला लावायचे, गोळा फेकायला शिकवायचे. तेही फुकट. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. पण राग आहे तो आहेच, आणि तो मी काही गिळणार नाही.

पळून झालं की बाभळीखाली बसायचं आणि मग आप्पांची खरी शिकवणी. एकानं तक्रारदार व्हायचं, एकानं टेबलामागचा पोलीस. नियम ठरलेले. आलेल्या माणसाला बस म्हणायचं नाही. तो मराठी आहे हे लांबून कळलं तरी पहिला प्रश्न कानडीतच. त्याचं सांगून झालं की परत पहिल्यापासून सांगायला लावायचं.

"आपल्या माणसाला कानडी येतंय रं," आप्पा समजावून सांगायचे. "बाजारात फाडफाड येतंय. टेबलापुढं उभा केला की कुटं जातंय कुणास ठाऊक. खरा असला तर टिकतोय. बाकीची उभ्या उभ्या माघारी जात्यात. तेवढंच काम कमी."

आप्पांच्या घरात मराठी, आम्ही सगळी मराठी शाळेतली. तरी कुणाला काही खटकलं नाही. मी तर घाबरलेला तक्रारदार असा झकास करायचे की आप्पा हसून हसून डोळे पुसायचे.

दिवाळीच्या तोंडावर बाबांचा साड्यांचा गठ्ठा गेला. आमच्या घरातच माग. महिनाभर विणलेल्या साड्या स्कूटरला बांधून बाबा शहापूरच्या व्यापाऱ्याकडं गेलेले. मालक आहेत का बघायला आत गेले, बाहेर येतात तो गठ्ठा नाही. सणाचं सगळं त्या गठ्ठ्यात होतं. बाबा म्हणाले, "तू चल माझ्यासंगं. तू पोलिसात जाणार, तुला बोलायचं कळतंय." केवढ्या भरवशानं म्हणाले.

ठाण्यात टेबलामागं आप्पांचाच एक शिष्य होता. आमच्या आधीच्या तुकडीतला. गोळा हातात कसा धरायचा हे मला त्यानंच दाखवलेलं. माझा जीव भांड्यात पडला. चला, म्हटलं, आपला माणूस आहे.

त्यानं मला ओळखलं. मग बाबांकडं वळून म्हणाला, "एन बेकु?"

काय पाहिजे, एवढंच विचारलं त्यानं. पण कानडीत. टेबलापुढची खुर्ची रिकामी होती आणि तो बस म्हणत नव्हता. सुताच्या दुकानात कानडीत घासाघीस करणारे, वर चेष्टामस्करी करणारे माझे बाबा, तिथं नुसतं "सीरे, सीरे", साडी साडी, एवढंच म्हणत अडकले आणि मराठीवर आले. सगळं सांगितलं. त्यानं परत सांगायला लावलं. दुसऱ्यांदा बाबांचं पुढचं मागं झालं.

"मगाशी येगळं बोल्लासा," तो आता मराठीत म्हणाला.

मी मधे पडले. आप्पांनी घोटून घेतलेल्या कानडीत त्याला म्हटलं, चोरी झाली आहे, लिहून घ्या. तो हसला. वाईट हसला असता तर बरं झालं असतं, हा ओळखीचं हसला.

"तुला तर समदं म्हाईत हाय की गं," म्हणाला. आणि बाबांना, "हां, पयल्यापास्नं सांगा."

बाबांनी हात जोडले. "ऱ्हाऊ द्या साहेब," म्हणाले. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा पोरगा तो, त्याला साहेब.

दुसऱ्या दिवशी पळायचं सोडून मी सरळ आप्पांसमोर गेले आणि घडलेलं सगळं सांगितलं.

"बसवला न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय."

"कानडीत इचारलं?"

"व्हय."

आप्पांनी मान हलवली. "पोरगा शिकला म्हणायचा." मग माझं तोंड बघून म्हणाले, "त्यो तरी काय करणार गं? टेबलामागनं सगळी सारखीच दिसत्यात. तुलाबी दिसतील."

"तुमची आई आली असती तर?" मी तोंडावर विचारलं.

आप्पांनी पळायची शिट्टी मारली. लाथ मारून निघून यावं असं वाटत होतं. पण नोकरी पाहिजे होती, मागावर घर चालायचे दिवस संपत आलेले. मी पळायला लागले. गठ्ठा काही मिळाला नाही.

भरतीत माझं नाव लागलं. ट्रेनिंग संपवून वर्दीतच पहिल्यांदा घरी आले. बाबा मागाशेजारी खुर्चीवर चहा पीत बसलेले. मी दारात आले तसे त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून उभे राहिले.

"बाबा, मीच हाय की," मी हसत म्हटलं.

"व्हय व्हय, वळखलं की," ते म्हणाले. पण बसले नाहीत. आई आतून बाहेर आली, बोलली, माझी बॅग आत घेऊन गेली. बाबा तसेच उभे.

शेवटी मलाच म्हणावं लागलं, "बसा."

मग बसले.