कासवाला कानस

कानस मारून सुधारत नाही अशी एकही वस्तू परमेश्वराने निर्माण केलेली नाही, अशी माझ्या बायकोच्या मामांची श्रद्धा आहे. साखर कारखान्यात ते जन्मभर फिटर होते. निवृत्तीनंतर देवळाली प्रवरा सोडून सावेडीत आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा टेम्पोतून देवांच्याही आधी कानशींची पेटी उतरली. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या घराची दारं घासली, दुसऱ्या आठवड्यात आमची. चष्म्याची काडी कानाला टोचते, असं मी एकदा बेसावधपणे बोलून गेलो. आता ती टोचत नाही. चष्मा मात्र नाकावर थांबत नाही.

अशा माणसाकडे त्यांच्या नातीने परगावी नोकरीला जाताना आपलं कासव ठेवलं. परदेशी जातीचं, वनखात्यात रीतसर नोंद झालेलं. नोंदीचा कागद मामांनी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. त्यांच्या स्वतःच्या प्रशस्तिपत्रकाला तो मान अजून मिळालेला नाही. मान बाहेर काढायला ते कासव केबिनबाहेर येणाऱ्या कारखान्यातल्या मोठ्या इंजिनिअरइतकाच वेळ लावतं, म्हणून त्याचं नाव ‘साहेब’. पाहुण्याला चावायचे कष्ट नकोत, म्हणून मामा लसूणघास विळीवर बारीक चिरून देत, काकडी सोलून देत. व्हायचं तेच झालं. गुळगुळीत फरशीवर साहेबांची नखं वाढून वळली आणि चोच पोपटासारखी खाली आली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “लाड थांबवा, अंगणात खडबडीत दगड ठेवा, आणि महिन्यातून एकदा हलकंसं घासत जा.” मामांना इतकी आवडती आज्ञा आयुष्यात कुणी केली नव्हती.

मामांची पद्धत ठरलेली: साहेबांना कोमट पाण्यात बसवायचं, नख उन्हात धरून आतली रक्ताची रेघ शोधायची आणि तिच्यापासून एक सूतभर अंतर राखून थांबायचं. “लोखंडाला दुखत न्हाई, जावईबापू. ह्याला दुखतंय, पन बोलत न्हाई. म्हनून हात हळू.”

पुढे, कासवं शंभर वर्षं जगतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि मामांची झोप उडाली. “मी अठ्ठ्याहत्तरचा, ह्यो अकराचा. माझ्या मागं ह्याची चोच कोन घासनार?” घरी येईल त्याचे हात ते तपासू लागले. माझ्या धाकट्या मेहुणीला बघायला आलेल्या मुलाला पगार विचारला नाही. “हात थरथरतोय ह्याचा,” म्हणून नापास केलं. मुलगी पसंत पडल्यामुळे थरथरत होता बिचारा. मला तर त्यांनी न तपासताच नापास केलं. “ह्या हातांनी निस्ती पुस्तकाची पानं उलटलीत.”

गेल्या थंडीत मामांचीच कानस घसरली. नखातून रक्त आलं. त्यांनी हळद दाबली आणि पेटीला कुलूप घातलं. दोन महिन्यांत चोच पुन्हा वाढली. साहेब पानाला तोंड लावायचे आणि पान गळून पडायचं. ते रोज हलके होत चालले.

एका सकाळी मामांनी कानस माझ्या हातात ठेवली.

“मामा, मी तर नापास.”

“व्हय. पन तुमचा हात हालत न्हाई. बसा.”

मी बसलो. मामांनी साहेबांची मान दोन बोटांत धरली. “दाबू नका. आडवी न्या. श्वास सोडा की! हां... बास. बास म्हनलं ना!”

पान पुढे केलं. साहेबांनी बराच विचार केला आणि ते कचकन तोडलं. मामा पंच्याने बराच वेळ तोंड पुसत राहिले.

कानस पेटीत ठेवताना माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. नखं कितीतरी दिवसांत कापलेली नव्हती. काही वाढून तुटली होती. मी बघतोय हे कळताच त्यांनी हात पंच्याखाली घेतले. मी घरातून नेलकटर आणलं आणि शेजारी बसलो. जरा वेळाने त्यांनी एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि मी पाचही बोटांची नखं कापेपर्यंत ते उन्हाकडे बघत राहिले. एकही सूचना आली नाही.