वळणाचं पडवळ

तोंडात कायम टाचण्या, म्हणून गल्लीत तिला सगळे टाचणीच म्हणतात. लोकांचे ढगळ कपडे उसवून ती बेताचे करून देते. मंगळवारी संध्याकाळी मात्र मशीन झाकून माझ्याबरोबर बाईंच्या वर्गाला यायची, जपानी पद्धतीची पुष्परचना शिकायला. तिला फुलांपेक्षा फळांचा नाद. पिकून उकललेलं कारलं, धोत्र्याचं काटेरी बोंड. असलं काही हाती लागलं की हाक मारली तरी ऐकू जायचं नाही.

बाई आता थकल्या होत्या. वर्ग टाचणीच्या हाती द्यावा का, हे तिची एक रचना पाहून ठरवीन म्हणाल्या. टाचणीच्या मनात एक वळणाचं पडवळ होतं.

तिच्या सासऱ्यांचा गच्चीवर पडवळाचा मांडव होता. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. वाकडं काही डोळ्यांना सोसायचं नाही. पडवळ सरळ वाढावं म्हणून प्रत्येकाच्या टोकाला दोरीने दगड बांधलेला. एकाचा तरी सोडा, असं टाचणीने विनवलं.

"सगळ्यांच्या सुना सरळ पडवळ मागतात. आमचंच नशीब वाकडं," म्हणत ते जिना उतरले. मग अबोला. एका सकाळी पाहिलं तर एका पडवळाचा दगड नाही. तिने विचारलं, तर गाठ वाऱ्याने सुटली असेल म्हणाले.

अर्धं पडवळ ओळंब्यासारखं सरळ होतं. पुढचं मोकळं झाल्यावर हळूहळू वळत गेलं, झोपेत कूस बदलावी तसं.

मंगळवारी वर्गात टाचणीने ते वेलासकट उंच काळ्या फुलदाणीतून खाली झुकवलं. बाई समोर बसल्या. तिच्याबरोबर आलेले सासरे दाराशीच उभे राहिले. खिडकीतला उजेड विरत चालला, भिंत निळसर झाली, आणि पडवळ पाण्यात तरंगल्यासारखं दिसू लागलं. वेलावर एक मिटलेली कळी राहून गेली होती. टाचणीला ती खुपली. तिने कात्री पुढे केली.

"राहू दे, पोरी," सासरे म्हणाले.

कात्री थांबली. अंधारता अंधारता कळी सैल झाली आणि तिच्या कडांतून पांढरे, तलम धागे पसरले.

बाई उठल्या, आमच्या बाकाकडे आल्या, मला म्हणाल्या, "सरका जरा." शेजारी बसून त्यांनी टाचणीला विचारलं, "बाई, पुढच्या मंगळवारी काय आणायचं?"