शिक्षेच्या खुर्च्यांची चाकं

आत्या कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून बघायची. दवाखान्यात, बँकेत, लोकांच्या घरीसुद्धा. चहा बशीने झाकून ठेवायची आणि विसरायची. कानामागे कायम पेन्सिल असायची आणि ती कायम पेन्सिल शोधत असायची. स्क्रू दातांत धरून बोलायची. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं रागावल्यासारखं वाटायचं. उरलेलं निम्मं खरंच रागावलेलं असायचं. फोन उचलून हॅलो म्हणायची नाही, "बोला, काय मोडलं?" असं विचारायची. शिट्टी ॲप्रनच्या खिशात ठेवायची आणि वाजवण्याआधी पुसायची. पुसायला दीड सेकंद लागायचा. त्या दीड सेकंदात काय काय उरकून घेता येतं, हे तिच्या भाचीने खेळाच्या पहिल्याच मोसमात शोधून काढलं होतं.

खरं म्हणजे ती एकाच मुलीची आत्या. पण हॉलवर खेळायला येणाऱ्या पंचेचाळीस बायका तिला आत्याच म्हणायच्या. त्यातल्या दोघी तिच्यापेक्षा वयाने मोठ्या होत्या.

ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करणं हा तिचा धंदा. लांबट खोली, एकच खिडकी, आणि भिंतीला लागून खुर्च्यांची रांग. वर न होणाऱ्या, खाली न येणाऱ्या, एका अंगाला कलणाऱ्या, साहेब बदलल्यावर अचानक कोणालाच नको झालेल्या. फाटलं रेक्झिन बदलायचं, बसलेला फोम काढायचा, चाकांतले केस उपसायचे. चाकांत एवढे केस कुठून येतात, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. सगळं झालं की बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं आणि खुर्चीला बोटाने हलकाच धक्का द्यायचा. खुर्ची या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली तरच गिऱ्हाइकाला फोन.

हा खेळ घरात आणला भाचीने. पायाला चार चाकांचे बूट, डोक्यावर हेल्मेट, जमिनीवर आखलेला लंबगोल. दोन्हीकडून पाच-पाच जणी. पाचांतल्या एकीच्या हेल्मेटवर चांदणीचं कापड, म्हणून तीच चांदणी. चांदणीने समोरच्या चौघींना मागे टाकत गोल गोल फिरायचं. जितक्या मागे टाकल्या तितके गुण. बाकीच्यांनी तिला अंगाने अडवायचं. हात वापरायचे नाहीत, कोपर मारायचं नाही. मारलं तर तीस सेकंद शिक्षेच्या खुर्चीत.

"म्हणजे धक्काबुक्कीच की," आत्या म्हणाली.

"नियमात बसणारी," भाची म्हणाली. "तूच हो ना पंच. तुझ्याकडे कोणाचा वशिला चालत नाही."

"तुझा तर मुळीच चालणार नाही."

"म्हणून तर म्हणते."

बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल मिळाला. गुळगुळीत फरशी, शाईचे जुने डाग. तीन संघ जमले. खेळाडूंनी स्वतःला टोपणनावं घेतली, ती शर्टाच्या पाठीवर छापली, आणि हळूहळू एकमेकींची खरी नावं विसरल्या. भाचीचं नाव पडलं पळवाट. तिच्या विरुद्धच्या संघाची कप्तान दातांची डॉक्टर होती, ती झाली अक्कलदाढ. शिक्षेच्या सहा खुर्च्या आत्याने दिल्या. गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या होत्या, दुकानात पडून होत्या. देण्याआधी तिने सहाही खुर्च्यांची चाकं साफ केली आणि ग्रीस भरलं. फुकटचं काम आहे म्हणून वाईट करणं तिला जमायचं नाही. पुढे जे झालं ते यामुळे झालं.

पहिलं नियमपुस्तक एक पान होतं. दाराशी खिळ्याला अडकवलेलं.

दुसऱ्याच सामन्यात पळवाटच्या संघातल्या चौघी, समोरची चांदणी जवळ येताच, शांतपणे रेषेबाहेर जाऊन पाणी प्यायला लागल्या. मागे टाकायला कोणी उरलंच नाही. गुण शून्य.

"ही काय पद्धत झाली," अक्कलदाढ ओरडली.

"तहान लागली," पळवाट म्हणाली.

आत्याने ते पान दोनदा वाचलं. बाहेर जाऊ नये असं कुठेच नव्हतं. "गुण शून्य," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने नवीन नियम लिहिला: जी बाहेर गेली ती मागे टाकली असं धरावं.

मग पळवाटने शोधलं की पडलेल्या खेळाडूला धक्का द्यायला मनाई आहे. लगेच तिच्या चौघी समोरच्या चांदणीपुढे एका रांगेत अलगद खाली बसल्या. माणसांचा बांध झाला. नवीन नियम आला: मुद्दाम पडणाऱ्याला शिक्षा. मुद्दाम हे ओळखायचं कसं, यावर बैठकीत दीड तास डोकेफोड झाली. शेवटी आत्या म्हणाली, "जी पडायच्या आधी जागा बघते, ती मुद्दाम पडते." तेच पुस्तकात गेलं.

पुढच्या मोसमात चांदण्या सोडायची वेळ बदलली. अडवणाऱ्या घोळक्याने आधी सुरुवातीची रेषा ओलांडायची, मग मागच्या चांदण्या सुटणार. झालं. पळवाटचा संघ दोन गुणांनी पुढे होता, फेरी दोन मिनिटांची, आणि तिच्या चौघी रेषेच्या अलीकडे ढिम्म उभ्या राहिल्या. कोणी हलेना. घड्याळ तेवढं चाललं होतं. प्रेक्षकांत एक बाई विणत बसल्या होत्या, त्यांची स्वेटरची बाही पूर्ण झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बाहीला.

आत्याचा मोठा भाऊ, म्हणजे पळवाटचा बाप, त्या दिवशी बघायला आला होता. घरी जेवताना म्हणाला, "तुमच्या त्या शर्यतीत आज कोणीच धावलं नाही."

"शर्यत नाही ती, दादा."

"मग काय आहे?"

आत्याने जरा विचार केला. "दुरुस्ती आहे," ती म्हणाली.

चौथ्या मोसमापर्यंत एका पानाची एक्केचाळीस झाली. खिळा उपटून आला. आत्याने फळी ठोकली. पण एक गोष्ट तिने पहिल्या दिवसापासून धरून ठेवली होती आणि ती कितीही आरडाओरडा झाला तरी सोडली नाही: पुस्तकात नाही ते शिट्टीत नाही. नियमात भोक सापडलं की त्या सामन्यात ते चालणार. बुजवायचं ते सामना संपल्यावर. भाचीसाठी नाही आणि भाचीविरुद्धही नाही. मुलीही तिला मानायच्या ते यामुळेच. शिव्या घालून मानायच्या.

पण त्या वर्षी अंतिम सामन्याच्या तीन आठवडे आधी अक्कलदाढ दुकानात आली. नुकतीच शिवलेली खुर्ची ओढून बसली.

"आत्या, माझ्या मुली कंटाळल्या. आम्ही सराव करतो, आणि ही तुमची भाची वाचन करते."

"वाचायला मनाई नाही."

"या सामन्यात एक जरी नवीन भानगड निघाली तर पुढच्या वर्षी आमचा संघ नाही. स्पष्ट सांगते."

तीन संघांतून एक गेला की दोन. दोनांची स्पर्धा होत नाही. दोनांचं भांडण होतं. हॉलवालाही दोन संघांसाठी हॉल ठेवणार नव्हता. आत्याने तोंडातले स्क्रू काढून तळहातावर घेतले. तेव्हा अक्कलदाढला कळलं की बोलणं लागलं.

तीन आठवडे आत्या पुस्तक घेऊन बसली. एकेक नियम तिने खुर्चीसारखा उलटा करून पाहिला. सात भोकं सापडली, सातही बुजवली. शिट्टी गळ्यात अडकवायला लागली, म्हणजे तो दीड सेकंदही मिटला. सामन्याच्या आदल्या दिवशी तिने भाचीला सरळच विचारलं.

"काही शिल्लक आहे का गं?"

"असेल तर सांगेन?"

"आत्या म्हणून विचारते."

"आत्या म्हणून सांगते. झोप नीट घे."

सामना चुरशीचा झाला. शेवटच्या फेरीला पळवाटचा संघ तीन गुणांनी पुढे होता, आणि समोर चांदणी लावून स्वतः अक्कलदाढ उभी होती. ती तिच्या नावाला शोभेल अशी शिरायची. जागा नसली तरी. फेरी सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर पळवाटने अक्कलदाढच्या बरगडीत कोपर घातलं. इतकं उघड की मागच्या रांगेतही दिसलं. आत्याने शिट्टी मारली आणि खुर्चीकडे बोट केलं.

पळवाट हसत गेली.

पळवाट खुर्चीत बसली. मग तिने बुटांची टोकं जमिनीला टेकवली, खुर्चीसकट मागे ढकलून घेतलं, आणि बसल्या बसल्या रेषा ओलांडून आत आली. खुर्ची लोण्यासारखी चालली. ती नेमकी अक्कलदाढच्या पुढे येऊन थांबली. अक्कलदाढ डावीकडे गेली, खुर्ची डावीकडे. ती उजवीकडे, खुर्ची उजवीकडे. धक्का द्यावा तर बारावा नियम: खुर्चीतल्या खेळाडूला कोणी स्पर्श करायचा नाही. तो नियम आत्यानेच लिहिला होता, शिक्षा भोगणाऱ्याला कोणी चिडवू नये म्हणून.

हॉलमध्ये एकच गलका झाला. विणणाऱ्या बाई उभ्या राहिल्या.

आत्याचा हात शिट्टीवर गेला. हात तिथेच राहिला. एक्केचाळीस पानं तिला तोंडपाठ होती आणि ती सगळी तिच्या डोक्यातून गेली. शिक्षा झालेल्या खेळाडूने तीस सेकंद खुर्चीत बसून राहावं. बसून होती. खुर्ची कुठे असावी, यावर एक अक्षर नव्हतं. खुर्ची जिथे ठेवली तिथे राहते, असं आत्याने धरलं होतं. खुर्च्यांमध्ये पस्तीस वर्षं घालवलेल्या बाईने.

"आत्या, वाजवा ना," अक्कलदाढ म्हणाली. ओरडली नाही. नुसती म्हणाली.

आत्याने वाजवली नाही.

तीस सेकंद झाले. पळवाट खुर्चीतून उठली, तिथेच, अक्कलदाढच्या नाकासमोर, आणि रीतसर अडवायला लागली. रिकामी खुर्ची तशीच पुढे निघाली. ग्रीस चांगलं होतं. तिने अर्धा लंबगोल एकटीने पार केला आणि लोक सामना सोडून तिच्याकडे बघत राहिले. फेरी संपली. अक्कलदाढला एकही गुण मिळाला नव्हता.

अक्कलदाढने हेल्मेट काढलं आणि चांदणीचं कापड घडी करून आत्याच्या हातात दिलं.

"चूक माझी आहे," आत्या म्हणाली. "खुर्च्या माझ्या आहेत. पण पुस्तकात नव्हतं."

"पुस्तकच ठेवा आता," अक्कलदाढ म्हणाली. तिच्या मागे तिच्या चौदा जणी गेल्या.

पळवाट कप घेऊन उभी होती. तिला तो कुठे ठेवावा ते कळेना.

"खूश?" आत्याने विचारलं.

"तू वाजवशील असं वाटलं होतं," पळवाट म्हणाली. "खरंच वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या हॉलवर गेली. वही नेली नाही. पक्कड आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर नेला. एक खुर्ची उलटी केली, चाकाच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर घालून रेटा दिला. पहिलं चाक निघायला तयार नव्हतं. तिनेच घट्ट बसवलं होतं.

दारात अक्कलदाढ आली. हेल्मेट विसरली होती म्हणे. हेल्मेट तिच्या हातातच होतं.

"नवीन नियम लिहिला असेल ना? बेचाळिसावं पान?"

"नियम नाही," आत्या म्हणाली. "खुर्ची हलवू नये असं लिहिलं की पळवाट उद्या विचारेल, वारा आला तर? कोणी मागून ढकललं तर? त्यापेक्षा चाकं काढते."

अक्कलदाढ आत आली. "चार मोसम पुस्तकच बदललंत, आणि आज हे?"

"आधी सुचलं नाही. चाकं काढून मी कधी खुर्ची दिली नाही कोणाला."

अक्कलदाढ हसली. आधी नाकातून, मग खुर्चीला टेकून. मग खाली बसली आणि तिने खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. "असं रेटून नाही," ती म्हणाली. "डोलवून मग ओढायचं. रोज तेच करते मी." त्यानंतर चाकं भराभर निघायला लागली. एकेक चाक पत्र्याच्या डब्यात टणकन पडायचं. प्रत्येक चाक निघताना अक्कलदाढ सवयीने म्हणायची, "झालं, झालं." एका खुर्चीला पाच. पाच खुर्च्या झाल्या. सहावीची तीन निघाली, तेव्हा अक्कलदाढने घड्याळ पाहिलं.

"चारला एक पेशंट आहे. त्याचीही काढायचीच आहे."

"जा तू. दोनच राहिलीत, उद्या काढते."

"आणि आत्या, आमचं नाव लिहून ठेवा पुढच्या वर्षाला."

"लिहिलंय," आत्या म्हणाली. "कालच लिहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गिऱ्हाईक खुर्ची न्यायला दुकानात आलं. खुर्ची उलटी करून ठेवलेली होती. आत्या तिच्याशेजारी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. चहावर बशी होती. गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारली. डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणात झालं असणार. पेन्सिल कानामागेच होती.

मोसम वेळेवर सुरू झाला. तीनही संघ आले. शिट्टी आता विणणाऱ्या बाईंकडे आहे. त्यांनी पुस्तक तीनदा वाचलं, आणि सामन्यात स्वेटर आणत नाहीत. पाच खुर्च्या जमिनीला टेकून बसल्यात, हलवायच्या तर दोघी लागतात. सहावी कललेली आहे. तीन पाय जमिनीवर, दोन चाकांवर. अक्कलदाढने एकदा पक्कड हातात घेतली होती, जरा वेळ धरली, आणि परत डब्याशेजारी ठेवली. स्क्रू ड्रायव्हर तिथेच आहे.

पळवाटला शिक्षा झाली की ती मुकाट्याने त्या सहाव्या खुर्चीत जाऊन बसते. खुर्ची घसरू नये म्हणून तीस सेकंद दोन्ही पाय रोवून धरावे लागतात. ती दोन चाकं अजून काढायची आहेत.