जो चालू करेल त्याची गाडी

मास्तरांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. एका कारखान्यात लेथवर त्यांची हयात गेली, आणि लेथवर ज्याचा हात बसतो त्याला लोक मास्तर म्हणतात, एवढंच. घरी मात्र त्यांचा जीव जुन्या मोटरसायकलींत. भंगारात निघालेली, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलेली गाडी हा गृहस्थ ढकलत घरी आणायचा आणि तिचा नट न् नट उलगडून तिला पुन्हा रस्त्यावर काढायचा. जो भाग बाजारात मिळत नसे, तो स्वतः लेथवर काढायचा. बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना बसायला जागा नव्हती, कारण तिथे गाड्या बसल्या होत्या. मास्तरीणबाई त्यांना ‘माझ्या सवती’ म्हणायच्या, आणि सवतींनी फरशीवर सांडलेलं ऑइलही त्याच पुसायच्या.

मग मास्तरांचा गुडघा गेला. तोही उजवा, म्हणजे नेमका किकचा. उभ्या उभ्या गाडी गंजते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी ठरवून टाकलं, सगळ्या विकायच्या. रडत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

पहिला आला एक हॉटेलवाला. त्याला सगळ्या एकदम हव्या होत्या, काचेमागे मांडायला.

“खालून दिवे सोडू, मास्तर. लोक फोटो काढतील.”

“पेट्रोल घालणार का त्यांत?”

“छे छे, गालिचा खराब होईल.”

“मग फोटोच घेऊन जा की! गाडी कशाला?” मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

त्याच दिवशी त्यांनी नियम जाहीर केला. तीन किकमध्ये जो गाडी चालू करेल, त्याची ती गाडी. भावाचं मागाहून बघू. लोक हसले, पण यायला लागले. दूधवाल्यानं एक नेली, चित्रकलेच्या शिक्षिकेनं एक नेली. मास्तर प्रत्येकीचा स्वभाव सांगून पाठवत. ही थंडीत रुसते, ही उलटी किक मारते, नडगी सांभाळा. बैठक मोकळी होत गेली आणि मास्तरांची छाती फुगत गेली. आपल्या हातची गाडी रस्त्यावर धावते आहे, याहून मोठं सुख त्यांना माहीत नव्हतं.

शेवटी उरली काळी. ही त्यांची पहिली गाडी. मास्तरीणबाई लग्न होऊन या घरात आल्या त्या हिच्याच मागच्या सीटवर, आणि त्याच दिवशी पोटरी पोळून घेतली होती. डाग अजून आहे. तेव्हापासून निघताना दर वेळी मास्तरांचं ठरलेलं वाक्य, “पाय वर घे, सायलेन्सर तापतो.”

काळी मात्र कुणालाच दाद देईना. भले भले घामाघूम होऊन गेले. “तिचं मन नाही,” मास्तर मान हलवत म्हणायचे, आणि जरा जास्तच खुशीत म्हणायचे.

एका सकाळी एक नर्स आली. रात्रपाळी करून थेट. वडिलांची जुनी गाडी स्वतः दुरुस्त करून वापरणारी बाई होती ती.

“काका, पेट्रोल वगैरे?”

“सगळं तयार आहे.”

मास्तरांच्या शब्दावर कोण शंका घेणार? तिनं किक मारली. काही नाही. दुसरी मारली. इंजिनानं साधा खोकलासुद्धा काढला नाही.

तेवढ्यात मास्तरीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. वाकल्या, आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बोटानं फिरवून उघडला.

“आता जरा थांब, पेट्रोल उतरू दे. मग मार, मुली.”

मास्तरांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. “अगं, ही तेवढी...”

“नियम कुणाचा? तुमचाच ना? मग सांगा, गुडघा गेल्यापासून तुम्ही हिला चालू केलीत का एकदा तरी?”

मास्तरांनी काळीच्या टाकीवरून हात फिरवला, मग नर्सला म्हणाले, “चोक अर्धाच ठेव. आणि पाय पूर्ण खालपर्यंत ने, घाबरू नकोस.”

तिसऱ्या किकला काळी गरजली. अंगण हादरलं. मास्तर कान देऊन ऐकत राहिले, आणि त्यांना एकही खोट सापडली नाही. कशी सापडेल? काम त्यांचंच होतं.

“बसा काका, एक चक्कर मारू,” नर्स म्हणाली.

मास्तर आयुष्यात मागे बसले नव्हते. त्यांनी दुखरा पाय हातानं उचलून पलीकडे टाकला आणि चाचपडत सीट धरली. गाडी फाटकाबाहेर पडली, तशा मागून मास्तरीणबाई ओरडल्या,

“अहो, पाय वर घ्या! सायलेन्सर तापतो!”