त्याच जागी, त्याच मापात

दौलतराव उजागरे यांची चार विषयांवर ठाम मतं होती: राजकारण, बातम्या, माणुसकी आणि प्रभू येशू. बाकीच्या विषयांवर ती आणखी ठाम होती, पण ती ऐकायला शांताबाईंखेरीज कुणी थांबत नसे. शांताबाईही पोळ्या लाटता लाटताच ऐकत.

माणूस मूळचा नगरकडचा, पणजोबांपासून ख्रिस्ती. कळव्यात येऊन त्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना पेंटरकाका म्हणे. मग फ्लेक्स आले. नाक्यानाक्यावर दादा, भाऊ, साहेब हात जोडून हसायला लागले आणि दौलतरावांचे ब्रश डब्यातच वाळले. राजकारणावरचा त्यांचा राग तिथून सुरू झाला असं शांताबाईंचं म्हणणं होतं. दौलतरावांना हे मान्य नव्हतं. ते म्हणत, "मी सगळ्या पक्षांना सारखाच मोजतो." फक्त ज्या पक्षाचे फ्लेक्स सगळ्यात जास्त लागत, त्याचं नाव ते तोंडाने घेत नसत. "ते लोक" म्हणत, आणि म्हणताना चष्मा काढत.

रिकामा हात स्वस्थ बसेना, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या वाचनालयाचा फळा ताब्यात घेतला. रोज सकाळी सातला खडूने गल्लीची बातमी लिहायची. अक्षर असं की दूधवालासुद्धा सायकल थांबवून वाची. टीव्हीवर ओरडणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. "सूत्रांनी सांगितलं म्हणे! अरे, सूत्राला नाव नाही का? आईबापांनी ठेवलं नाही?" म्हणून फळ्याच्या तळाला त्यांनी ऑइलपेंटने तीन नियम कायमचे रंगवून ठेवले होते: डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. खाली नाव घालायचं. चुकलं तर त्याच जागी, त्याच मापात लिहायचं.

हा तिसरा नियम त्यांनी खरोखर पाळला होता. एकदा गल्लीतल्या विनीतचा म्हातारा कुत्रा वाचनालयाच्या पायरीवर निपचित पडलेला दिसला. दौलतरावांनी हळहळून त्याला श्रद्धांजली लिहिली. अकराच्या सुमारास कुत्रा उठला, आळस दिला आणि फळ्याच्या पायाशी मागचा पाय वर करून चालता झाला. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच टपोऱ्या अक्षरात फळ्यावर आलं: "काल चुकलो. कुत्रा झोपला होता." गल्ली आठवडाभर हसली. दौलतरावांना मात्र त्याचा अभिमान वाटला. कोणतं वर्तमानपत्र एवढं करतं, सांगा!

एका दिवाळीनंतरच्या शनिवारची गोष्ट. गल्लीला तीन दिवस पाणी नव्हतं. माणसं हंडे घेऊन वणवण करत होती. दौलतराव दहाच्या सुमारास खडू घेऊन परत येत होते आणि समोर बघतात तर सगुणाताईंच्या दारात टँकर! टँकरचा जाडजूड पाइप फाटकातून थेट आत गेलेला. सगुणाताई कंबरेला पदर खोचून उभ्या, "जरा दमानं सोड रं" म्हणून ड्रायव्हरला सांगत होत्या.

सगुणाताई जुन्या कळव्यातल्या. मासळीचा धंदा, आवाज खणखणीत, आणि 'त्या लोकां'च्या गल्लीतल्या कार्यकर्त्या. सकाळी लिहिलेला फळा दुपारच्या आत पुसायचा नाही असा दौलतरावांचा शिरस्ता, पण त्या दिवशी त्यांनी तो मोडला. लिहिलं: "गल्ली तीन दिवस कोरडी. सगुणाताईंच्या दारात मात्र टँकर. डोळ्यांनी पाहणारा: दौलत उजागरे." टँकरच्या ट ला त्यांनी अशी काही गोलाई दिली, की स्वतःच दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले.

कॉलेजात जाणाऱ्या शिवानीने फोटो काढून स्टेटसला टाकला. तिथून तो सोसायट्यांच्या, भजनी मंडळांच्या, माहेरवाशिणींच्या ग्रुपांवर गेला. मोबाइलवर बातम्या देणाऱ्या कुणा एकाने फळ्याभोवती लाल गोल मारला आणि वर लिहिलं, "कळव्यात पाणीचोरी?" असल्या प्रश्नचिन्हवाल्यांना दौलतराव एरवी चहाटळ म्हणत. हा व्हिडिओ त्यांनी चारदा पाहिला.

शांताबाई हे बघायला घरात नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कापणीचा सण होता आणि उपासनेनंतर प्रीतिभोजन. दीडशे माणसांचा कांदा चिरायला त्या सकाळपासून चर्चमध्ये बसल्या होत्या. स्वयंपाकाकडची कुठलीही व्यवस्था त्या नवऱ्याला सांगत नसत, कारण ती दुसऱ्या दिवशी फळ्यावर दिसे.

रविवारी दौलतराव इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या रांगेत बसले. बाहेर मटणाला उकळी फुटलेली, वास थेट वेदीपर्यंत. उपासना निम्मी झाली, सूचनांची वेळ आली. चर्चचे पाळक रवींद्र उभे राहिले, कागद उलगडून वाचू लागले. भोपळे कुणी आणले, तांदूळ कुणी दिले, सगळ्यांचे आभार. मग म्हणाले, "आणि एक खास आभार. तीन दिवस पाणी नव्हतं, सण पुढे ढकलावा लागतो की काय असं झालं होतं. आपल्या बोळात टँकर येत नाही. तेव्हा शेजारच्या सगुणाताईंनी स्वतः टँकर मागवला, आपल्या दारात उभा केला आणि घरातून, परसातून पाइप घेऊन आपली पिंपं भरून दिली. त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत, हे विशेष."

टाळ्या वाजल्या. बायकांच्या बाजूला बसलेल्या शांताबाईंनी मान वळवून, बघा पाण्याची कशी सोय झाली, अशा कौतुकाने नवऱ्याकडे पाहिलं. मग शेजारणीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, मोबाइल दाखवला, आणि कौतुक गेलं.

त्यानंतर प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्यांच्या मंडळीत एक गोष्ट लहानपणापासून शिकवलेली: कुणाचं मन दुखवून त्या भाकरीला हात लावायचा नाही. आधी जाऊन समेट करायचा. रांगेरांगेने माणसं उठून पुढे जाऊ लागली. दुसरी रांग उठली. दौलतराव बसूनच राहिले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, चष्मा हातात, कान लाल. आयुष्यात त्यांना एवढी लाज कधी वाटली नव्हती. आशीर्वाद व्हायच्या आतच ते मागच्या दाराने बाहेर पडले. मटणाच्या पातेल्याजवळून जाताना त्यांनी तिकडे बघितलंही नाही, यावरून काय ते समजा.

सगुणाताई ओट्यावर बसून कोलंबी सोलत होत्या.

"या पेंटरकाका. सण सोरून आलाव?"

"सगुणाताई, मी चुकलो. टँकर आमच्यासाठी होता."

"हां."

"मग काल बोलला का नाहीत? येऊन चार शिव्या द्यायच्या!"

सगुणाताईंनी कोलंबी टोपात टाकली. "तुमी इचारला का?"

दौलतराव चष्मा पुसत म्हणाले, "उद्या फळ्यावर लिहितो. त्याच जागी, त्याच मापात."

आता मात्र सगुणाताईंचा आवाज खाली आला. "तुमचा फळा हितं हाय काका. फोटो बाळकुमला गेला, माझे माहेरा. माझे भावाला, मधुला, लोकं इचारतान, तुजी भन पानी चोरते काय? माझी आय कालधरना जेवली नाय. हितं लिवून तिला काय दिसनार हाय?"

घरी आल्यावर दौलतरावांनी शांताबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, डब्यातून आणलेलं मटण त्यांच्यासमोर न ठेवता फडताळात ठेवलं आणि म्हणाल्या, "फळा हुकांवरच आहे ना? निघतो की."

"बाळकुमला फळा घेऊन जाऊ? लोक हसतील गं!"

"कालही हसलेच. काल तिला हसले."

सोमवारी सकाळी सातला फळ्यावर असं होतं: "शनिवारी चुकलो. टँकर सगुणाताईंनी आमच्या चर्चच्या सणासाठी आणला होता. मी पाहिलं, पण विचारलं नाही, कारण मला त्यांचा पक्ष आवडत नाही. अजूनही आवडत नाही. दौलत उजागरे." शेवटच्या वाक्यावरून शांताबाईंशी वाद झाला. पण दौलतराव हटले नाहीत. माफीत खोटं कसं लिहायचं? सगळ्या पक्षांना सारखाच मोजतो, हे खोटं त्यांनी वीस वर्षं सांगितलं होतं, तेवढं पुरे झालं.

दुपारपर्यंत गल्लीने फळा वाचला. शिवानीने त्याचाही फोटो टाकला, पण तो भजनी मंडळापर्यंतसुद्धा पोचला नाही. मग दौलतरावांनी फळा हुकांवरून उतरवला आणि रिक्षा केली. फळा रिक्षात मावेना. दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. सिग्नलला एक मोटारसायकलवाला बाजूला थांबला, अख्खा मजकूर वाचला आणि म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, मला पण नाही आवडत."

बाळकुमला आता टॉवरच टॉवर. दोन वॉचमननी फळा वाचून मगच रस्ता सांगितला. टॉवरांच्या मागे जुन्या गावातली चार-पाच कौलारू घरं उरली होती. त्यातल्या एकाच्या अंगणात मधु, सगुणाताईंचा भाऊ, मासे सुकवायची जाळी विणत होता. त्याने फळा पाहिला, माणूस पाहिला आणि खुर्ची आणून दिली. शेजारपाजारची माणसं जमली. आतून भिंतीला धरत रंगूबाई आल्या, सगुणाताईंची आई. नव्वदीच्या घरातली बाई, नाकात मोठी नथ.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. "मना वाचता येत नाय. तू वाच."

दर रविवारी दौलतराव चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हणत. पाठ होती, शंभर आवाजांत एक आवाज मिसळला की काम झालं. इथे एकच आवाज होता. "टँकर सगुणाताईंनी" इथपर्यंत बरं चाललं. "विचारलं नाही, कारण" इथे त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. पुढचं वाचलं, अजूनही आवडत नाही हेसुद्धा वाचलं. खाली त्यांचं स्वतःचं नाव होतं, तेही वाचलं.

रंगूबाईंनी डोकं एका बाजूला कलतं करून ऐकलं. "माझे पोरीनं पानी दिला ना?"

"दिलं."

"तुमचे देवाचे घरान?"

"हो आजी."

"मंग तवराच लिव ना, मोठा करून. बाकीचा समदा तुजाच हाय, ता तुजे घरा ठेव."

अंगणातलं कुणीतरी हसलं. दौलतराव हसले नाहीत. त्यांनी फळ्याकडे नव्याने पाहिलं. चार वाक्यांची माफी, आणि त्यात मी, माझा राग, माझं मत, माझं नाव. ज्या बाईने पाणी दिलं ती मधेच कुठेतरी, टँकरच्या शेजारी. त्यांनी खिशातून फडकं काढून सगळं पुसलं. मग पेंटर होते तेव्हा दुकानाची पाटी रंगवायला घेत, तसे एक डोळा मिटून अंतर मोजलं आणि फळाभर तीन शब्द लिहिले: "सगुणाने पाणी दिलं."

रंगूबाई फळ्याजवळ आल्या. "यात माझे पोरीचा नाव कंचा?"

"हे. इथून इथपर्यंत."

त्यांनी नावावरून सावकाश हात फिरवला, लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा. स निम्मा पुसला गेला, ग वर पांढरा फराटा उमटला. मग त्या आत गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "वाढ मना. या पाव्हन्याला पन वाढ."

फळ्याला बोट लावणाऱ्या पोरांना दौलतरावांनी आजवर लांबून खडू फेकून मारले होते. त्या दिवशी खडू हातातच राहिला. ते खाली बसले आणि स पुन्हा काढला, त्याच जागी, त्याच मापात.