धुरपताबाईचा सेमीचा मांडव

जमीन नसताना पीक काढणारी माणसं जगात दोनच. एक पुढारी, आणि दुसरी मुर्री गावच्या शेवटच्या गल्लीतली धुरपताबाई. तिच्या लेकानं, मोहितनं, घर बांधलं ते प्लॉटच्या चारही कडांना भिडवून. तुळस लावायची तर तीसुद्धा गच्चीवर, तेलाच्या डब्यात. पण घराची भिंत आणि सिमेंटचा रस्ता यांच्या मध्ये मातीची एक अरुंद पट्टी सुटली होती. ठेकेदाराला ती दिसली नाही, मोहितला दिसली नाही, ग्रामपंचायतीला तर दिसायचं कारणच नव्हतं. धुरपताबाईला मात्र ती आल्या आल्या दिसली.

ती मूळची केशोरीची. धनी मनिराम गेला, शेत दिराला वाहायला दिलं, घराला कुलूप लागलं आणि लेकानं तिला इकडं आणलं. तलाव राखून शेती करणाऱ्या कोहळी जातीची बाई, सारा जन्म तलावाच्या पाळीखालच्या शेतात गेलेला. तिला हे चार भिंतींचं सुख सोसेना. सून रेणू गुणाची होती, सासूला कशालाच हात लावू देत नव्हती, आणि नेमकं तेच धुरपताबाईचं दुखणं होतं. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची तोंडं पाहायची. गल्लीतली निम्मी माणसं हिंदीत बोलायची. हिला नावानं कोणी ओळखत नव्हतं. ती आपली 'मोहित की माँ'.

मग पहिल्याच पावसाळ्यात तिनं त्या पट्टीत सेमीच्या बिया टोचल्या. वालाच्या शेंगेला इकडं सेमी म्हणतात. बांबू रोवले, तार ओढली, रस्त्यावर जरासा झुकणारा मांडव केला आणि खाली न्हाणीच्या पाण्यावर कोचई, म्हणजे अळू, लावली. दिवाळीपर्यंत मांडव जांभळ्या फुलांनी भरला. बाया जाता जाता थांबू लागल्या, 'कायची वेल हाय जी?' म्हणून विचारू लागल्या. शेंगा धरल्या तशी ती टोपलं घेऊन निघाली. पहिला तोडा विकायचा नाही, आपण चाखायचा नाही, आधी शेजारापाजाराला वाटायचा, ही तिच्या घरची रीत. एकही दार तिनं सोडलं नाही. त्या दिवसापासून ती धुरपताबाई झाली. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी गल्लीत नाव लागलं. म्हातारपणी परक्या गावात याहून मोठं काय मिळायचं असतं?

समोरच्या घरात मुन्नीबाई राहायची. जातीनं पोवार, गल्लीतली सगळ्यात जुनी रहिवासी, जिभेची तिखट. पहिल्या वर्षी तिनंही शेंगा घेतल्या होत्या आणि 'जरा जून हायेत' असं म्हणून घेतल्या होत्या. म्हणजे आवडल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी मांडव दुप्पट झाला. पण पहिला तोडा हाताशी आला त्याच आठवड्यात मुन्नीबाईचा नवरा लक्ष्मीचंद गेला. धुरपताबाई पेचात पडली. नव्या वेलाची पहिली शेंग सुतकाच्या घरात न्यायची नाही, असं तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. त्या वेलालाही सोसत नाही आणि त्या घरालाही. म्हणून तिनं गल्लीत सगळीकडं शेंगा वाटल्या आणि मुन्नीबाईकडं रिकाम्या हातानं जाऊन बसून आली. तेरवी झाल्यावर द्यायच्या, तर तोवर दुसरा तोडा निघालेला. पहिल्याचा मान दुसऱ्याला कुठून येणार? दाराजवळ पांढऱ्या फुलांचा एक वेल उशिरा चढत होता. त्याची पहिली शेंग मुन्नीबाईची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मनाशीच ठरवलं, इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. मनातलं समोरच्या घरी ऐकू जात नाही.

पांढऱ्या वेलाला कळ्या आल्या आणि ग्रामपंचायतीचा चपराशी टेकचंद कागद घेऊन दारात उभा राहिला.

"धुरपताबाई, मले काही बोलू नोका. मी कागद देनारा मानूस."

"कायचा कागद?"

"अतिक्रमन. तुमचा मांडव रस्त्याच्या हद्दीत हाय. इथून नाली काढाची हाय, आन वरून तक्रारबी आली."

"मांगच्या साली थैली भरून शेंगा नेल्या, तवा हद्द नव्हती काय?"

टेकचंद चपलेकडं पाहू लागला. बिचारा करणार काय? हुकूम वरून येतो आणि तोंड खालच्याला लपवावं लागतं.

संध्याकाळी मोहितनं कागद दोनदा वाचला. "माय, कायदा त्याइचा बरोबर हाय. जागा आपली नाही. काढून टाकू. शेंगाच पाह्यजे ना, बाजारातून आनून देतो मी, पाह्यजे तितक्या."

लेक शिकलेला असला की असं होतं. शेंग दिसते, मांडव दिसत नाही.

"मांडव गेला तं मी केशोरीले जाईन," धुरपताबाई म्हणाली.

"तिथं कोन हाय तुह्यं?"

"इथं कोन हाय?"

मोहितला तो राग वाटला. रेणूला तसं वाटलं नाही. खाटेखालची, केशोरीहून आणलेली जुनी थैली सासूनं झटकून खुंटीला लावलेली तिनं दुपारीच पाहिली होती.

पंधरा दिवसांनी सरपंचबाई आणि ग्रामसेवक मोजणीला आले. टेप धरला. भिंत मोहितची, बाकी सगळं रस्त्याचं. बांबू रस्त्याचे, कोचई रस्त्याची, वेलाचं मूळसुद्धा रस्त्याचं. वाद घालायला तसूभरही जागा निघाली नाही. पण सरपंचबाई समजूतदार होत्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण एरवी शिवीसारखी वापरतात, त्यांनी ती पुण्याच्या कामी लावली.

"नाली होळी झाल्यावरच होनार हाय," त्या जमलेल्या गल्लीला म्हणाल्या. "तवरी सेमीबी सरते. शेजाऱ्याइची हरकत नसन तं राहू द्या मांडव. हाय काय कोनाची हरकत?"

सगळ्यांनी माना हलवल्या. धुरपताबाईच्या जिवात जीव आला.

"माही हाय," मागून मुन्नीबाई म्हणाली.

गल्लीच्या माना मागं वळल्या. तक्रार कोणाची, ते आता सांगायची गरज उरली नाही.

"कायची हरकत, मुन्नीबाई?" सरपंचबाईंनी विचारलं.

"गाडी निघत नाही."

मुन्नीबाईच्या घरी गाडी नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोललं नाही. त्या न बोलण्यानंच तिचा बांध फुटला.

"माहा मानूस गेला. चूल पेटली नाही माह्या घरी. आन या गल्लीत घरोघर सेमी शिजत होती. वास येत होता मले, आंगनात बसली होती तं! सगळ्याइच्या घरी ही बाई टोपलं घेऊन गेली. माह्या घरी खाली हातानं आली. मानूस मेला म्हनून मी काय गल्लीतून उठली?"

धुरपताबाई पुढं आली. "आवो बाई, तसं नाही. पयली शेंग सुतकात देत नाही आमच्यात. तुमचं वाईट होऊ नये म्हनून—"

"आमच्यात सुतकाच्या घरी शेजारीच रांधून आनते. नाही आनलं तं समजाचं, शेजार तुटला."

हिनं जे मायेनं टाळलं, तेच तिला जिव्हारी लागलं होतं. दोघींच्या घरच्या रिती आपापल्या जागी बरोबर होत्या आणि मध्ये फक्त एक रस्ता होता. तो कोणाला ओलांडता आला नाही, याचं वाईट वाटतं. सरपंचबाईंनी ग्रामसेवकाकडून कागद मागून घेतला.

"लिहा बाई," शेवटी धुरपताबाईच म्हणाली. "तिची हरकत बरोबर हाय. मांडव मीच काढीन."

मोहितला आता कुठं कळवळा आला. "माय, थांब. अर्ज करू, होळीपर्यंत मुदत मागू." धुरपताबाईनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं विळा घेतला. जांभळे वेल मुळाशी कापताना तिचा हात थांबला नाही. पांढऱ्या वेलापाशी मात्र ती खाली बसली. त्यावर बोटाएवढ्या कोवळ्या शेंगा लागल्या होत्या, जेमतेम ओंजळभर. त्या तिनं खुडल्या आणि मग तोही वेल कापला. रेणू मुकाट्यानं तारा गुंडाळत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

दुपारी धुरपताबाईनं त्या शेंगांत एक आलू चिरून घातला, लसूण-मिरची वाटून भाजी केली, ताटात भात वाढला आणि ताट झाकून रस्ता ओलांडला.

मुन्नीबाई छपरीत बसली होती. तिनं 'या' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. धुरपताबाईनं ताट पुढं ठेवलं.

"पयल्या तोड्याची हाय. तुमच्यासाठीच ठेवली होती. सांगितलं नाही, ते चुकलं माहं."

मुन्नीबाईनं ताटावरचं झाकण काढलं. मग तिनं हात धुतला आणि घास घेतला.

"मीठ कमी हाय."

"आनू काय?"

"राहू द्या." खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही आणि हातही थांबवला नाही. ताटात काही उरलं नाही तेव्हा ती म्हणाली, "टेकचंद सांगे, केशोरीले चालल्या म्हने तुम्ही."

"हो. सोमवारी."

"पुढच्या साली माह्या मानसाची बरसी सेमीच्याच दिवसात येते," मुन्नीबाई म्हणाली. "तवा भाजी कोनाच्या वेलाची करू मी?"

धुरपताबाईनं रस्त्यापलीकडच्या कापलेल्या मांडवाकडं पाहिलं. "लावू कुठी बाई? रस्ता तं पंचायतीचा हाय."

"आन हे कोनाचं हाय?" मुन्नीबाईनं उष्ट्या हातानं घरामागच्या मोकळ्या आंगणाकडं दाखवलं, तेही रागानंच.

धुरपताबाईनं गुडघ्यावर हात टेकले आणि तिकडं ऊन कोणत्या अंगानं येतं ते पाहायला उठली.